पाण्याबाहेर उचलली जाणारी फळी

फॉइल बोर्ड म्हणजे पाण्याखालील पंखाच्या बळावर स्वारासह पाण्याबाहेर उचलली जाणारी फळी. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्याने लहानसा पंखही माणसाचे वजन पेलतो. कल्पना जुनीच. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरात अशी नौका चालवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या 'एचडी-४'ने १९१९ मध्ये कॅनडात ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला. हवाई बेटांवर लेअर्ड हॅमिल्टन आदींनी ती लाटांवर नेली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फॉइलवरील पतंगफळी व शिडाच्या फळीच्या शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या.

पंख आणि त्यांना फळीशी जोडणारा खांब हौशी मंडळी बहुधा विकत घेतात. फळी मात्र घरी घडवता येते. गाभ्यासाठी फोम, म्हणजे आपला थर्माकोलच, पण अधिक घट्ट प्रतीचा घेऊन तो तापलेल्या तारेने कापतात. त्यावर पॉलिएस्टर रेझिन चालत नाही. त्यातील स्टायरीन थर्माकोल विरघळवते. म्हणून इपॉक्सी.

खरी परीक्षा खांबाच्या जोडापाशी असते. ७०-८० सेंटिमीटर लांब खांब तरफेसारखा काम करतो आणि पंखावरचा सारा जोर हातभर जागेत एकवटतो. तेथे नुसता थर्माकोल असेल तर जोड उखडतो आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या स्वाराच्या हाती मोडकी फळी उरते. यासाठी ९० मिलिमीटर अंतरावरील दोन समांतर खाचपट्ट्या घट्ट पीव्हीसी फोमच्या ठोकळ्यात बसवतात. हा ठोकळा तळापासून वरच्या पृष्ठभागापर्यंत आरपार हवा, म्हणजे दोन्हीकडचे फायबरग्लास मिळून भार वाहते. येथे केलेली काटकसर महागात पडते.

चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाच्या काचकापडाचे तळाला दोन थर पुरतात. पाय टेकतात तेथे तिसरा लागतो. रेझिन व हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने दिले तेच ठेवावे. वजनाचे प्रमाण आणि आकारमानाचे प्रमाण वेगळे असते, हे अनेकजण विसरतात. हार्डनर वाढवल्याने इपॉक्सी लवकर सुकत नाही, ते कच्चेच राहते. एकदम जास्त मिश्रण केल्यास ते भांड्यातच तापून घट्ट होते. दमट हवेत थरावर मेणचट साय येते. पुढचा थर देण्यापूर्वी ती पाण्याने धुऊन पॉलिश पेपरने घासावी लागते.

हातमोजे अनिवार्य आहेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना उडणाऱ्या काचधुळीसाठी साधा रुमाल पुरत नाही, योग्य मास्कच हवा.

रंग पांढराच बरा. घरगुती तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि गडद फळी उन्हात तेवढी सहज तापते. आतली हवा प्रसरण पावून आवरण सुटू नये म्हणून वरच्या बाजूस हवा सोडणारी, पण पाणी अडवणारी छोटी झडप बसवतात.