परीक्षेचा दिवस

(पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. वेळा तिथल्या.)

३ जानेवारी २००९
स्वात खोऱ्यात तालिबानच्या फजलुल्लाचं फर्मान निघालेलं: १५ जानेवारीनंतर एकाही मुलीने शाळेत जायचं नाही. अकरा वर्षांच्या मलाला युसुफझाईची डायरी बीबीसी उर्दूवर ‘गुल मकई’ या टोपणनावाने सुरू होते. पहिली नोंद ३ जानेवारीची. आपल्याकडे त्या दिवशी सावित्रीबाई फुलेंची जयंती. निव्वळ योगायोग, तरी नजरेआड करवत नाही.

पुढे लष्कराने तालिबानला मलालाच्या मिंगोरा शहरातून हुसकावलं, शाळा उघडल्या. टोपणनावामागची मुलगी जगाला कळली, तशी धमकावणाऱ्यांनाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१२, सकाळी ९
एरवी शाळा आठची, परीक्षेमुळे नऊची. पेपर ‘पाकिस्तान अभ्यास’चा. पंधरा वर्षांची मलाला रात्री उशिरापर्यंत वाचत बसली होती. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, पण वर्षभर धमक्या येत होत्या, म्हणून आईने तिचं एकटीने चालणं बंद केलेलं. जाताना रिक्षा, येताना शाळेची गाडी.

हा हिशोब पुण्याजवळच्या कासारवाडीत कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. नाशिक फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या मुलींच्या घरी तो रोज मांडला जातो: कॉलेज किती लांब, सुटतं कधी, येताना अंधार होतो का? मुलीचं शिक्षण वर्गात तुटण्याआधी वाटेत तुटतं. गावोगावच्या मुलींसाठी मानव विकास मिशनच्या निळ्या एसट्या सुरू कराव्या लागल्या, त्या काही हौस म्हणून नाही.

दुपार, पेपर सुटल्यावर
गाडीची पहिली खेप निघून जाते. मैत्रिणीशी गप्पा मारायच्या म्हणून मलाला दुसऱ्या खेपेसाठी थांबते. धाकटा भाऊ मागच्या फळीवर बसण्याचा हट्ट धरतो, ड्रायव्हर नाही म्हणतो, तो रागावून पायी निघतो. वडील झियाउद्दीन प्रेस क्लबमध्ये, खासगी शाळाचालकांच्या सभेत. आई तोर पेकाई त्याच दिवशी लिहा-वाचायला शिकायची सुरुवात करणार असते.

गोळीबाराच्या काही मिनिटं आधी
पांढऱ्या टोयोटात मागे तीन लांब बाकं. वीस मुली, तीन शिक्षिका, उकाडा. लष्कराची चौकी मागे पडते. थोडं पुढे दोन तरुण गाडी अडवतात.

एकजण ड्रायव्हरला विचारतो, ही खुशाल स्कूलची गाडी का? नाव तर गाडीवरच रंगवलेलं. जगाने पुढचा प्रश्न लक्षात ठेवला. मला हा पहिला जास्त झोंबतो. त्यांना आधी शाळा हवी होती, मग मुलगी.

दुसरा मागच्या बाजूला येतो. मलाला कोण?

कुणी बोलत नाही. काहींची नजर मात्र तिच्याकडे वळते. तोंड न झाकलेली ती एकटीच.

तीन गोळ्या. एक मलालाला, डाव्या डोळ्याच्या बाजूने शिरून खांद्यापर्यंत. दोन मैत्रिणीही जखमी.

१८४८ मध्ये सतरा वर्षांच्या सावित्रीबाई पुण्यात भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेकडे निघाल्या की दगड आणि शेण येई ते रस्त्यातच. म्हणून म्हणे त्या एक लुगडं जादा ठेवत. मिंगोऱ्यात जादा लुगड्याने भागणारं नव्हतं.

संध्याकाळ
हेलिकॉप्टरने पेशावरचं लष्करी रुग्णालय. तालिबानचा प्रवक्ता हल्ल्याची जबाबदारी घेतो, तीही अभिमानाने.

मध्यरात्रीनंतर
मेंदूला सूज. कर्नल जुनैद खान कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. तो तुकडा तिच्याच पोटात जपून ठेवला जातो. सहा दिवसांनी तिला बर्मिंगहॅमला हलवतात. दोन वर्षांनी, सतराव्या वर्षी, कैलाश सत्यार्थींबरोबर शांततेचं नोबेल.

हल्ल्याच्या खटल्याचं मात्र असं झालं: एप्रिल २०१५ मध्ये दहा जणांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाल्याचं जाहीर झालं. जूनमध्ये कळलं, त्यातले आठ निर्दोष सुटले होते. सुनावणी बंद दाराआड झाली होती.