हॉटेलची खोली आणि आपले घर : काय घ्यावे, काय सोडावे

सुटीचा प्रवास आटोपून परतलेल्या कुटुंबाच्या कॅमेऱ्यात अलीकडे समुद्र आणि मंदिरांबरोबर हॉटेलच्या खोलीचीही छायाचित्रे असतात. घराचे नूतनीकरण निघाले की तीच सुतारापुढे ठेवली जातात. वसई गावातील होळीसारख्या जुन्या वस्तीत कौलारू घर आणि नवी सदनिका या दोहोंपुढे सजावटीचा हा प्रश्न उभा राहतो. प्रवासातून कल्पना जरूर घ्याव्यात, मात्र त्या पारखून घेणे खिशाच्या आणि घराच्याही हिताचे आहे.

जागेचा हिशेब
मध्यम दर्जाच्या हॉटेलातील खोली बहुधा २०० ते २५० चौरस फुटांची असते. तेवढ्यात पलंग, लिहिण्याचे टेबल, कपाट आणि स्नानगृह बसवलेले असते. छोट्या सदनिकेत राहणाऱ्यांनी अभ्यासावी ती ही मांडणी. कपाट प्रवेशाच्या बोळात सरकवलेले असते, टेबल भिंतीला जोडलेले असते आणि पलंगावरून न उठता दिवा बंद करता येतो. छताला एकच ट्यूब लावण्याऐवजी वाचण्यासाठी, आरशासाठी आणि वावरण्यासाठी निरनिराळे दिवे असतात. सोबत मोजपट्टी ठेवावी. सहा बाय साडेसहा फुटांच्या पलंगाभोवती चालायला किती जागा सोडली आहे, हे छायाचित्रात कळत नाही. किमान दोन फूट तरी लागतातच.

स्थानिकतेचा धडा
उत्तम हॉटेल आपल्या प्रदेशाशी नाते सांगते. श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी १९६०च्या दशकाअखेरीस उभारलेल्या बेन्टोटा बीच हॉटेलच्या छताला एना डी सिल्वा यांच्या बाटिक कापडाने शोभा आणली. पणजीच्या फोंतेन्हास भागात जुन्या घरांचीच अतिथिगृहे झाली आहेत. गोव्यातील अशा जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत. त्यातून उजेड येतो, पण डोळ्यांवर येत नाही. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या सदनिकेत हेच काम अर्धपारदर्शक पडदा किंवा दुधी काच करू शकते. शिंपले आणण्यापेक्षा त्यामागचे तत्त्व आणावे.

आपल्या पालघर जिल्ह्याची वारली चित्रकला आता अनेक हॉटेलांच्या भिंतींवर दिसते. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखला जाणारा लग्नचौक हा मुळात विवाहविधीचा भाग आहे. म्हणून छापील पट्टी चिकटवण्यापेक्षा कलावंताकडून एखादे चित्र थेट विकत घ्यावे, त्याचा अर्थ विचारावा.

काय सोडावे?
हॉटेलातील प्रत्येक गोष्टीमागे हॉटेलची सोय असते. खोटे छत बहुधा वातानुकूलनाच्या नळ्या झाकण्यासाठी असते. घरात त्या नसतील, तर साडेनऊ फुटांच्या उंचीतले सहा-आठ इंच निष्कारण जातात. पांढऱ्या चादरींना डाग पडले तरी त्या कडक धुलाईत निघतात, घरी ते जमेलच असे नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा तर वसईच्या पावसाळ्यात कुबट वास धरतो. दमट खाऱ्या हवेत साधे प्लायवूड फुगते, लोखंडी बिजागऱ्या गंजतात. हॉटेलात रोज साफसफाई करणारे कर्मचारी असतात, घरात ते काम आपल्याच माथी येते. एखादी वस्तू पसंत पडली की ती पुसणार कोण आणि किती वेळा, हा प्रश्न आधी विचारावा.

शिवाय हॉटेलची खोली एक बॅग घेऊन दोन रात्री राहणाऱ्यासाठी असते. घरात गाद्या, लोणच्याच्या बरण्या आणि मुलांची दप्तरे असतात, तसेच देवघर किंवा वेदीही असते. त्यांची जागा आधी ठरवावी, सजावट नंतर.

जुने घर पाडून इमारत बांधणाऱ्यांनी तर पाडकामापूर्वी स्वतःच्याच घराची छायाचित्रे आणि मापे घ्यावीत. सागवानी दारे, खिडक्यांचे गज, जुन्या लाद्या भंगारात गेल्या की परत मिळत नाहीत. ओटीवरचे बाकडे सदनिकेच्या दाराशी ठेवले, तर चपला काढायला आणि आल्यागेल्याला टेकायला आजही तितकेच उपयोगी पडते.