मक्तेदारीयुक्त स्पर्धा (सोलापुरी चादरीचा बाजार)

गरज एकच भागवणाऱ्या, पण गिऱ्हाइकाला वेगवेगळ्या वाटणाऱ्या वस्तू अनेक उत्पादक विकतात तेव्हा तयार होणारा बाजारप्रकार. यात प्रत्येक उत्पादक आपल्या छापापुरता मक्तेदार असतो. मात्र शेजारच्याच दुकानात पर्याय असल्याने त्याला हवा तो भाव लावता येत नाही. दर थोडा चढवूनही काही गिऱ्हाइके टिकतात, तेवढीच त्याची बाजारशक्ती. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ साली हा विचार मांडला. त्याच वर्षी जोन रॉबिन्सन यांचा अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथ आला. १९३४ मध्ये अब्बा लर्नर यांनी बाजारशक्तीचे माप दिले : किंमत आणि सीमांत खर्च यांतील फरकाला किमतीने भागायचे. एक जादा चादर विणायला ४०० रुपये पडत असतील आणि ती ५०० ला विकली जात असेल, तर हे माप ०.२ येते. पूर्ण स्पर्धेत ते शून्य असते.

सोलापुरात हा बाजार डोळ्यांनी पाहता येतो. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘जुन्या मिल’सारख्या मोठ्या कापडगिरण्या पुढे बंद पडल्या, पण विणकाम थांबले नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात आधी हातमाग आणि मग यंत्रमाग चालवले. सुती जेकार्ड चादर ही त्यांची ओळख झाली. जेकार्डच्या पत्त्यांना पाडलेल्या भोकांवरून कोणता ताण्याचा धागा उचलायचा ते ठरते आणि नक्षी कापडातच उमटते. चादर उलटली तरी नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. नावही असेच विणता येते. पुलगम, चाटला या छापांची नावे घेऊन चादर मागणारे गिऱ्हाईक महाराष्ट्रभर आहे. ज्याचे नाव घेऊन माल मागितला जातो, त्याला भाव सांगता येतो. निनावी चादर विणणाऱ्याला मात्र ठोक व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो, वर उधारीही सोसावी लागते. माग तोच, सूतही तेच, तरी दोघांच्या बाजारशक्तीत मोठे अंतर पडते.

शहरातील दुसरे मोठे उत्पादन, टर्किश टॉवेल, नावाच्या या बळाची उलट बाजू दाखवते. निर्यातीचा टॉवेल वजन, माप आणि रंग ठरवून, बहुधा खरेदीदाराच्याच नावाने विणला जातो. विणणारा ओळखू येत नाही, म्हणून भाव ठरवण्याचे बळ खरेदीदाराकडे जाते.

या बाजारात शिरणे फार अवघड नसते. चाललेली नक्षी शेजारच्या कारखान्यात यायला वेळ लागत नाही, आणि नफा दिसला की नवे माग सुरू होतात. दीर्घकाळात जादा नफा असा झिजतो, हे चेंबरलिन यांचे मुख्य प्रतिपादन. त्यांच्या मते अशा बाजारात कारखाने पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. हा सगळा तोटाच मानू नये : अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७७ मध्ये दाखवले की विविधतेलाही किंमत असते, थोड्याच नक्षी मोठ्या प्रमाणावर विणून होणारी बचत आणि निवडीला मिळणारा वाव यांचा तोल पाहावा लागतो.

कारखानदारांच्या स्वतंत्र छापांवर ‘सोलापुरी’ हे सामाईक नाव आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते शहराचे खरे भांडवल तेच. पानिपतसारख्या ठिकाणची स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते, ही विणकरांची जुनी तक्रार आहे. अशा विक्रीने एकाचे गिऱ्हाईक जाते एवढेच नव्हे, सगळ्यांच्याच नावावरचा विश्वास उडतो. मालाला मूळ ठिकाणाचे नाव राखून देणाऱ्या १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन (जीआय) कायद्याखाली सोलापुरी चादर आणि टॉवेल यांची नोंदणी २००५-०६ मध्ये झाली. अशी मान्यता मिळवणाऱ्या देशातील पहिल्या काही वस्तूंत त्या आहेत. नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, आणि उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळे नाव नोंदवावे लागते. छोट्या मागवाल्यांपर्यंत ही नोंद पोचली नाही आणि नकली मालावर कारवाई झाली नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

सामाईक नाव म्हणजे सामाईक दर नव्हे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी संगनमताने भाव ठरवणे निषिद्ध आहे. त्याच कलमात भौगोलिक उपदर्शनाचा हक्क जपण्यासाठी वाजवी अटी घालण्याची मुभा ठेवली आहे. चादरीचे सूत, वजन, वीण यांचे किमान निकष विणकर एकत्र येऊन ठरवू शकतात. त्यावरचा भाव प्रत्येकाने आपापला ठरवायचा असतो.