पित्याने शिकवलेले वाचन : एका घरगुती शाळेचा इतिहास आणि त्याची साधने

एडमंड गॉसचे ‘फादर अँड सन’ १९०७ साली लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. प्रास्ताविकात लेखकाने एक ठाम दावा केला आहे. कल्पित कथेने नाना रूपे धारण केलेल्या काळात आपले कथन मात्र काटेकोरपणे सत्य आहे. तो एक दस्तऐवज आहे. जी शैक्षणिक आणि धार्मिक परिस्थिती लयाला गेली व पुन्हा येणार नाही, तिची ही नोंद आहे, असे तो सांगतो. व्हिक्टोरियन काळातील धर्मनिष्ठ ख्रिस्ती घरात मुलग्याला कसे शिकवले जाई, या प्रश्नाकडे वळणारा अभ्यासक या पुस्तकाला साक्षीपुराव्याचे स्थान देतो, ते या दाव्याच्या बळावर. परंतु ज्या शाळेविषयी साक्ष द्यायची, त्याच शाळेत साक्षीदार साक्ष द्यायला शिकला असेल, तर त्या दस्तऐवजाचे मोल कसे ठरवायचे? हा प्रश्न इतिहासाचा आहे, तितकाच समीक्षेचाही आहे.

मुलीने घरी शिकावे ही इंग्लंडमधील मध्यमवर्गाची रीत होती. मुलगा मात्र आठ-दहा वर्षांचा झाला की बहुधा शाळेत जाई. म्हणून मुलग्याला घरी ठेवणे हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय असे, आणि त्याला युक्तिवादाची जोड लागे. तो युक्तिवाद सिद्ध होता. जॉन लॉकने १६९३ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात सद्गुणांच्या जोपासनेसाठी घरच्या शिक्षणाला पसंती दिली होती. विल्यम कूपरने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टिरोसिनियम’ या दीर्घकाव्यात निवासी शाळांवर कडक टीका करून पित्याने मुलाला आपल्याजवळ ठेवावे असे प्रतिपादले. कूपर स्वतः वेस्टमिन्स्टरचा विद्यार्थी होता, आणि इव्हँजेलिकल घरांत त्याच्या शब्दाला मान होता. शाळेची भीती या घरांना अज्ञानापोटी वाटत नव्हती. शाळेत ग्रीक-लॅटिन उत्तम मिळेल हे त्यांना ठाऊक होते. भीती होती ती इतर मुलांची.

या परंपरेत आईने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले एक महत्त्वाचे साधन आपल्याला उपलब्ध आहे. एपवर्थच्या धर्मोपदेशकाची पत्नी सुझाना वेस्ली हिने मुलगा जॉन याच्या विनंतीवरून १७३२ साली आपली पद्धत एका पत्रात मांडली. पुढे जॉन वेस्लीने ते पत्र आपल्या रोजनिशीत समाविष्ट केले. मूल पाच वर्षांचे झाले की एका दिवसात त्याला मुळाक्षरे शिकवायची, आणि लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे वाचन सुरू करायचे. मधल्या पायऱ्या नाहीत, सोपे पाठ नाहीत. नऊ ते बारा आणि दोन ते पाच अशी शाळा. मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिला शिवणकामाला बसवायचे नाही, असाही एक नियम तीत आहे, आणि तो तिच्या काळाच्या पुष्कळ पुढचा आहे. या सर्वाच्या मुळाशी मुलाची इच्छाशक्ती प्रथम नमवली पाहिजे हे तत्त्व आहे. ते आज वाचताना अंगावर काटा येतो. पण या पत्राचा स्वर पाहावा : येथे तक्रार नाही की समर्थन नाही, एक कसबी स्त्री आपल्या कसबाची माहिती देते आहे. तिचे मुलगे पुढे मोठ्या शाळांत गेले. जॉन दहाव्या वर्षी, १७१४ साली, चार्टरहाऊसला. घर ही त्यांची पहिली पायरी होती, सर्वस्व नव्हते.

जॉन रस्किनच्या बाबतीत घराचा पसारा वाढतो. १८१९ साली जन्मलेल्या या एकुलत्या मुलाला आईने बायबलचे वाचन ज्या रीतीने शिकवले, तिचे वर्णन ‘प्रेटेरिटा’त येते. आई आणि मुलगा आळीपाळीने एकेक वचन वाचीत. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सर्व काही वाचायचे, अवघड नावे आणि वंशावळ्याही वगळायच्या नाहीत, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. नेमून दिलेले अध्याय मुखोद्गत करायचे. एका ओळीतील एका क्षुल्लक शब्दयोगी अव्ययावर आघात द्यायचा की नाही, यावरून मायलेकांत सुमारे तीन आठवडे झगडा चालला, अशी आठवण रस्किन सांगतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या आठवणीपाशी थांबणे भाग आहे. एका अव्ययावरच्या आघाताने अर्थ बदलतो म्हणून तीन आठवडे मागे न हटणारी ही बाई संहितेचे सूक्ष्म वाचनच शिकवत होती. त्याला पुढे विद्यापीठांत जी नावे मिळाली ती तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. रस्किनने हे पाठांतर आपल्या शिक्षणातील सर्वांत मोलाचा भाग मानले, आणि त्याच पुस्तकात, प्रेम करावे असे आपल्याला काहीच दिले गेले नाही, असेही नोंदवले. ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत. मुलगा १८३७ साली ऑक्सफर्डला राहायला गेला तेव्हा आईही तेथे बिऱ्हाड करून राहिली.

रस्किनच्या घरी स्कॉटच्या कादंबऱ्या चालत. रविवारी ‘रॉबिन्सन क्रूसो’ही चाले. गॉसच्या घरी कल्पित कथा हे पाप होते. त्याची आई एमिली बोझ हिला लहानपणी गोष्टी रचून सांगण्याचा विलक्षण नाद होता. शिक्षिकेने तो पापमय ठरवला, आणि त्या जाणिवेने तिने तो जन्मभर दडपला. त्यामुळे तिच्या मुलाला प्राणिशास्त्रातील पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या, पण पऱ्यांचे नाव त्याने ऐकले नव्हते. एमिली १८५७ साली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. इव्हँजेलिकल धर्मप्रेरणेचेच एक अंग विधवांची दुःस्थिती मांडण्यासाठी मराठीत कादंबरीला जन्म देत असताना दुसरे अंग लंडनमधील एका घरात कथेला दार बंद करत होते. मिशनरी वृत्ती आणि कल्पित वाङ्मय यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे सरसकट विधाने केली जातात, त्यांनी ही दोन टोके ध्यानात घेणे बरे.

बंद दाराच्या फटींतून कथा आत आलीच. माळ्यावरच्या एका रिकाम्या पेटीला आतून कागद चिकटवलेले होते. ते एका भडक कादंबरीचे फर्मे निघाले. मुलगा गुडघे टेकून ते वाचत राहिला, आणि कथा ही वस्तूच ठाऊक नसल्यामुळे त्याने ती हकिकत खरी मानली. दुसरी फट अधिक अर्थपूर्ण आहे. पिता फिलिप हेन्री गॉस हा सागरी जीवांचा नाणावलेला निरीक्षक. डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेल्यावर पित्याचे अनुकरण म्हणून मुलगा सचित्र शास्त्रीय प्रबंध लिहू लागला, आणि त्यांत निळे ठिपके व किरमिजी शुंडके असलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या जाती घालू लागला. त्या खऱ्या जातींच्या इतक्या जवळच्या असत की शास्त्रज्ञ पिता गोंधळून जाई. ज्या घरात कथेला बंदी, तेथे कल्पनेने वर्गीकरणशास्त्राचा वेष घेतला.

पण या शाळेतला निर्णायक पाठ वेगळाच आहे. पित्याने मुलाला ‘इब्री लोकांस पत्र’ वचनागणिक विवरण करून शिकवले. वाङ्मयाच्या जादूची पहिली दीक्षा आपल्याला त्या भाषेने दिली, असे गॉस म्हणतो. तेथे दीक्षा केवळ नादाची झाली नाही, असे मला वाटते. या पत्राची विचारपद्धती छाया आणि वस्तू यांची आहे. जुने याजक, जुना मंडप, जुना करार ही सारी पुढे येणाऱ्याची छाया. नवे आले की जुने जीर्ण ठरते आणि नाहीसे होण्याच्या बेतात येते. जुन्याचा तिरस्कार तेथे नाही, त्याला आदरपूर्वक निरोप आहे. आता ‘फादर अँड सन’ची मांडणी पाहावी. दोन प्रकृतींचा, दोन सदसद्विवेकांचा, जवळजवळ दोन युगांचा संघर्ष म्हणून गॉस ही कथा उभी करतो. पिता तेथे मावळत्या प्युरिटनपणाचे प्रतिरूप होतो. व्यक्तीला युगाची छाया मानून वाचण्याची ही रीत मुलाने कोठून घेतली? ती पित्याच्या मांडीला मांडी लावून शिकलेली आहे. पुत्राने पित्यालाच जुना करार करून टाकले.

हे ओळखले की पुस्तकाच्या साक्षीचे स्वरूप बदलते. गॉसने १८९० साली पित्याचे रीतसर चरित्र लिहिले होते. ते वाचून जॉर्ज मूरने त्याला बालपणाची कथा स्वतंत्रपणे लिहिण्यास सुचवले. आधीच्या ग्रंथातला परिश्रमी, मर्यादा असलेला पण विविधांगी शास्त्रज्ञ नंतरच्या ग्रंथात एका प्रवृत्तीचा प्रतिनिधी बनतो. तपशिलाच्या बाबतीत गॉस भरवशाचा नव्हता. १८८६ साली चर्टन कॉलिन्सने त्याच्या एका समीक्षाग्रंथातील चुका जाहीरपणे दाखवल्या होत्या. अ‍ॅन थ्वेटने २००२ साली लिहिलेल्या फिलिप गॉसच्या चरित्रात पिता पुष्कळच अधिक उबदार आणि आनंदी दिसतो. म्हणून पुत्राला खोटे ठरवण्याची घाई मात्र करू नये. एकाकी मुलाचे एकाकीपण पित्याच्या सद्भावनेने खोडले जात नाही. शिवाय आपल्या वाचकाला सावध करण्याची सोय गॉसने स्वतःच करून ठेवली आहे. त्याच्या जन्मदिवशी पित्याने रोजनिशीत मुलगा झाल्याची आणि जमैकाहून पाकोळीच्या जातीचा एक हिरवा पक्षी आल्याची नोंद एकापाठोपाठ केली. हा पक्षी सर्वांच्या लक्षात राहतो, आणि पित्याच्या कोरडेपणाचा पुरावा म्हणून उद्धृत होतो. गॉसने मात्र लगेच खुलासा केला आहे की यावरून पित्याला दोहोंत सारखाच रस होता असे समजू नये. पक्षी त्या दिवशी मुलानंतर आला, आणि नोंदींचा क्रम पाळण्याबाबत पिता फार काटेकोर होता.

एमिलीचा कथारचनेचा नाद आपल्याला कळतो तो तिच्या टिपणांतून, आणि ती टिपणे कळतात ती मुलाने निवडून उद्धृत केली तेवढीच. सुझाना वेस्लीचे पत्रही मुलाच्या रोजनिशीतूनच आपल्यापर्यंत पोचले. पण ते तिने मागणीवरून, आपल्या कामाचा हिशेब म्हणून लिहिले होते. एमिलीकडे तसा हिशेब कोणी मागितला नाही. ती गेली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता.