कळ म्हणजे अक्षर नव्हे

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणे ही एक विद्या. आणि त्या चित्रासाठी खिडकी उघडणे, बोटांचा आघात तिच्यापर्यंत पोचविणे ही दुसरी. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीची ‘आयरिस जीएल’ ही प्रणाली दोन्ही कामे सांभाळीत असे. परंतु सन १९९२ मध्ये तिच्यातून ‘ओपनजीएल’ हे सर्वांसाठी खुले मानक निघाले, तेव्हा खिडकी आणि कळफलक बुद्धिपुरस्सर वगळण्यात आले. प्रत्येक यंत्रावरचा रिवाज निराळा. मानकाने त्यात का गुंतावे? हा विचार योग्यच होता. मात्र वगळलेले काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी पदरी पडते.

ते पडले लायब्ररींच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी उचलून वापरावयाच्या तयार आज्ञासंग्रहांच्या पदरी. मार्क किलगार्ड यांची ‘ग्लट’ आणि सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ‘एसडीएल’ ही त्यांतील ठळक नावे. वापरणाऱ्याला सर्वत्र एकच भाषा बोलता यावी आणि निरनिराळ्या यंत्रांचे हट्ट लायब्ररीने पोटात घालावेत, हे त्यांचे ब्रीद.

हे हट्ट दिसावयास क्षुल्लक असतात. विंडोज आणि एक्स या प्रणाली पडद्याची उंची वरून खाली मोजतात. मॅकवरील कोको ती मुळात खालून वर मोजते. तेथे वजाबाकी करावयाची राहिली, की माऊस वर जातो आणि निशाणी खाली येते. दाबून धरलेल्या कळीचेही तसेच. विंडोज ‘दाबली, दाबली’ अशी वर्दी देत राहते. एक्सची वर्दी मात्र ‘सुटली, दाबली, सुटली, दाबली’ अशी येते. त्यामुळे खेळातला धावणारा वीर पावलोपावली अडखळतो. यावर लायब्ररीने शोधलेला उपाय साधा आहे: सुटल्याची वर्दी आली तरी लगेच विश्वास ठेवावयाचा नाही. तीच कळ त्याच क्षणी पुन्हा दाबल्याची वर्दी पाठोपाठ आली, तर बोट हललेलेच नाही असे समजावयाचे.

परंतु सर्वांत खोल दोष यंत्रात नव्हता, गृहीतकात होता. एसडीएलच्या जुन्या आवृत्तीत कळीच्या वर्दीलाच एक अक्षरसंकेत जोडलेला असे. एक कळ, एक अक्षर! इंग्रजीचे त्यावर भागते. देवनागरीचे भागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘क्ष’ एका आघातात उमटतो. पण युनिकोडच्या हिशेबी तो क, हलन्त आणि ष असे तीन संकेत असतो. एका संकेताच्या जागेत तीन कसे मावावेत? जपानी आणि चिनी लेखनात तर अनेक आघातांनंतर सुचविलेल्या पर्यायांतून एक शब्द निवडावा लागतो.

सन २०१३ मध्ये आलेल्या एसडीएल २.० ने दोन्ही वर्द्या वेगळ्या केल्या. कोणती कळ दाबली हे एकीने सांगावे. कोणता मजकूर निपजला हे दुसरीने, हवी तेवढी अक्षरे घेऊन. खेळणाऱ्याला पहिली पुरते, लिहिणाऱ्याला दुसरी लागते.

दुरुस्तीची ही कामे पडद्यावर कोठेच दिसत नाहीत. तथापि ती न होती, तर चित्रे सर्वांना दिसली असती, आणि त्या खिडकीत स्वतःचे नाव लिहिण्याचा अधिकार मात्र थोड्याच लिप्यांना राहिला असता.