ब्लॉकचेन मतदान आणि जबलपूर

ब्लॉकचेन मतदान : मतदाराने इंटरनेटवरून दिलेले मत एकाच मध्यवर्ती संगणकात न ठेवता अनेक संगणकांवरील सामायिक नोंदवहीत साठवण्याची पद्धत. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे त्यातील मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण, गुंफलेली असते. जुन्या नोंदीतले एक अक्षर बदलले तरी ती खूण बदलते, पुढची साखळी जुळेनाशी होते आणि इतर प्रतींशी ताडून पाहिल्यावर फेरफार उघड होतो. झालेली नोंद गुपचूप बदलता येऊ नये, हे या तंत्राचे खरे बळ. नोंद होण्यापूर्वी मतदाराच्या फोनमध्ये काय घडले, याची ग्वाही मात्र ही साखळी देऊ शकत नाही. या पद्धतीवरचा बहुतेक वाद याच मर्यादेभोवती फिरतो.

हा विषय जबलपूरशी दोन बाजूंनी येऊन भिडतो. हे शहर लष्करी छावणीचे आहे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही इथेच आहे. म्हणजे घरापासून दूर राहून मत देणारा मतदारही इथे आहे आणि निवडणुकीच्या निकालाला आव्हान देणारी याचिका जिथे चालते ते न्यायालयही.

ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे जबलपुरात आहेत. गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या जवानाला मतदानासाठी रजा काढून जाणे सहसा शक्य नसते. टपालाने मतपत्रिका जाण्यात आणि परत येण्यात इतके दिवस जात, की कित्येक मते मोजणीनंतर पोहोचत. त्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने 2016 मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टपाली मतपत्रिका पाठवण्याची सोय सुरू केली. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत सैन्य आणि अन्य सेवांतल्या अशा मतदारांची संख्या सुमारे 18 लाख होती. या व्यवस्थेत कोरी मतपत्रिका इंटरनेटने जवानापर्यंत जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि बंद पाकिटात टपालानेच परत पाठवतो. मोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत ती पोहोचली पाहिजे. इंटरनेटवरून जाते ती कोरी पत्रिका. दिलेले मत कागदावरच परत येते. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे आणि तो योग्यही आहे.

परतीचा प्रवासही इंटरनेटवरून व्हावा, हा ब्लॉकचेनचा प्रस्ताव. फेब्रुवारी 2020 मध्ये तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुनील अरोरा यांनी आयआयटी मद्रासच्या साह्याने अशा प्रकल्पावर काम सुरू असल्याचे सांगितले. मतदार घरून नव्हे, तर ठरावीक केंद्रावर येऊन दुसऱ्या शहरातून मत देईल, अशी ती कल्पना होती. पुढे डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने जे यंत्र मांडले ते मात्र वेगळेच निघाले : एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांच्या उमेदवारांची यादी दाखवणारे आणि इंटरनेटशी न जोडलेले. जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांना ते दाखवण्यासाठी बैठक झाली, तेव्हा अनेक पक्षांनी हरकती घेतल्या.

राज्य निवडणूक आयोग मात्र पुढे सरकले. तेलंगणाने ऑक्टोबर 2021 मध्ये खम्मम जिल्ह्यात स्मार्टफोनवरून ब्लॉकचेनच्या आधारे मतदानाची रंगीत तालीम घेतली. बिहारने 28 जून 2025 रोजी नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल ॲपने खरी मते घेतली. चेहऱ्याची पडताळणी होती, ब्लॉकचेन होते, आणि एका मोबाइल क्रमांकावरून जास्तीत जास्त दोनच मतदारांना प्रवेश होता. वृद्ध, आजारी, गरोदर आणि स्थलांतरित मतदारांची सोय झाली, हे मोलाचेच. पण फोन घरच्या कर्त्या माणसाच्या हातात असेल, तर सुनेने कोणाला मत दिले हे तिच्याशिवाय कोणाला कळणार नाही, याची हमी कोणती साखळी देणार? मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा ती हमी देतो. एस्टोनियाने 2005 पासून इंटरनेट मतदानात यावर एक तोड काढली आहे : मत पुन्हा पुन्हा बदलता येते, शेवटचे धरले जाते आणि केंद्रावर जाऊन दिलेले मत आधीचे ऑनलाइन मत रद्द करते. ही तोड ब्लॉकचेनवर अवलंबून नाही.

परदेशातील दोन अनुभव सावध करणारे आहेत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने 2018 मध्ये परदेशातल्या सैनिकांसह 144 मतदारांची मते व्होट्झ नावाच्या ॲपने घेतली. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की मतदाराच्या फोनवर ताबा मिळवणारा हल्लेखोर मत बदलू शकतो किंवा उघड करू शकतो; मागे ब्लॉकचेन असूनही. त्यानंतर त्या राज्याने ॲपकडे पाठ फिरवली. मॉस्कोने 2019 मध्ये आपल्या ब्लॉकचेन मतदानाचा कोड लोकांपुढे ठेवला, आणि फ्रेंच संशोधक पियेरिक गोद्री यांनी मतदानाच्या आधीच त्यातले कूटलेखन फोडून दाखवले. कूटकिल्ल्या फारच लहान होत्या. कोड उघड केला म्हणूनच ही चूक सापडली, हेही तितकेच महत्त्वाचे.

ब्लॉकचेन निरुपयोगी नाही, हे दाखवायला लांब जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत 2022 मध्ये सुमारे 65,000 जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेण्यात आले. दाखला कोणी दिला, कोणाला दिला हे उघड असावे आणि त्यात खाडाखोड होऊ नये, एवढीच तिथे गरज असते. मताचे उलटे आहे. ते मोजले गेले हे सर्वांना पटले पाहिजे, पण कोणाचे होते हे कोणालाही कळता कामा नये.

जबलपूरच्या न्यायालयात या दोन्ही अटी समोरासमोर येतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान उच्च न्यायालयातच, निकालानंतर 45 दिवसांत द्यावे लागते. मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर करता येत नाही. याचिकेत फेरमोजणीचा आदेश निघाला, तर आज न्यायालयासमोर मतपत्रिका किंवा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राच्या, चिठ्ठ्या आणता येतात. त्या वाचायला तज्ज्ञ लागत नाही. ब्लॉकचेन मतदानात न्यायाधीशांपुढे हॅशांची यादी येईल आणि ती खरी की खोटी हे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ सांगतील. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी नेमक्या याच मुद्द्यावर मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला : निवडणुकीचे मुख्य टप्पे विशेष ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला तपासता आले पाहिजेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण चिठ्ठी कायम ठेवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना 5 टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

जवानाचे मत फोनवरून घ्यायचे ठरलेच, तर त्या चिठ्ठीच्या जागी न्यायालयाला काय दाखवता येईल, हे आधी ठरवावे लागेल. मतदाराला आपले मत बदलले गेले नाही हे स्वतः पाहता यावे, पण दुसऱ्याला ते सिद्ध करून दाखवता येऊ नये, अशा कूटलेखन पद्धतींवर संशोधक काम करत आहेत. त्यांतल्या बऱ्याच पद्धतींना ब्लॉकचेनची गरजच पडत नाही.