आजारपणाची वर्गणी

पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दरवाजावर पंचा पसरून दोन कामगार उभे असले, की आत काय घडले आहे हे कोणाला विचारावे लागत नसे. कोणाची बायको इस्पितळात असे, कोणाचा हात यंत्रात गेलेला असे. पंचात पडलेल्या पैशांची मोजदाद चहाच्या टपरीवर होई आणि त्याच संध्याकाळी रक्कम घरी पोचती होई. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे बरेचसे शिक्षण या पंचाभोवतीच झाले. म्हणून आज ज्याला ऑनलाइन क्राउडफंडिंग म्हणतात, त्याचा इतिहास आम्ही संगणकापासून सुरू करीत नाही. पंचा जुनाच आहे, तो पसरण्याची जागा बदलली आहे.

परंतु पंचा पसरावाच लागू नये, असाही विचार कामगारांनी फार पूर्वी केलेला आहे. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर हे लोखंडाचे आणि कोळशाचे गाव. तेथील कामगारांनी १८९० मध्ये आपले वैद्यकीय साहाय्य मंडळ काढले. पगारातून पौंडामागे तीन पेन्स कापायचे आणि त्यातून सगळ्यांना डॉक्टर, औषध, इस्पितळ पुरवायचे, इतका तो साधा हिशेब. त्यातील मर्म असे, की पैसे आजाराच्या आधी जमा होत. आजारी माणसाला आपली कहाणी कोणापुढे सांगावी लागत नसे. चांगला असो वा वाईट, देखणा असो वा कुरूप, त्याचा हक्क ठरलेला असे. त्याच गावात जन्मलेला आणि कोवळ्या वयात खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ट्रेडेगरच्या पेटीचाच तो विस्तार, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने घातला होता. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना चालू झाली, १९५४ मध्ये ती मुंबईत आली. कामगाराचा हिस्सा जुलै २०१९ पासून शंभर रुपयांमागे पाऊण रुपया झाला; जुन्या हिशेबाने बारा आणे. बारा आण्यांत एवढा आधार दुसरीकडे कोठे मिळत नाही. दवाखान्यांतील रांगा आणि औषधांचा खडखडाट यांबद्दल आम्ही मोर्चे काढले आहेत, ते निराळे.

या योजनेला वेतनाची मर्यादा असते. प्रारंभी ती महिना ४०० रुपये होती, १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० झाली. येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये आम्ही एका कारखान्यात वेतनवाढीचा करार केला, गुलाल उधळला. त्या वाढीने पुष्कळ कामगार मर्यादेबाहेर गेले. त्यांच्यात बावीस वर्षे वर्गणी भरलेला आमचा एक सहकारी होता. पुढच्याच वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. विमा सुटलेला, आणि शिधापत्रिका पांढरी असल्यामुळे त्या वेळी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही बसेना. करारावर सही आमची होती.

मग कोणीतरी संगणकावरचा मार्ग सुचवला. अमेरिकेत गोफंडमी ही कंपनी २०१० मध्ये निघाली, आपल्याकडे मिलाप त्याच वर्षी आणि केटो २०१२ मध्ये. लग्न, शिक्षण, सहल अशा कशासाठीही मागण्याची अमेरिकेत सोय होती, पण लोक मोठ्या प्रमाणावर आले ते इस्पितळाची बिले घेऊन. तेथील २०१६ ते २०२० मधील चार लाखांहून अधिक आवाहने संशोधकांनी तपासली, तेव्हा ठरवलेली रक्कम गाठणारी शेकडा सुमारे बाराच निघाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या कंपनीच्या प्रमुखानेच वृत्तपत्रात लेख लिहून, सरकारचे काम आम्ही करू शकत नाही, असे आपल्या संसदेला बजावले. आपल्या सरकारने मात्र त्याच वर्षी दुर्मिळ आजारांच्या धोरणात लोकवर्गणीचा समावेश केला आणि स्वतःच तसे संकेतस्थळ उघडले. ज्या आजाराच्या एका मात्रेला अमेरिकेत २०१९ मध्ये एकवीस लाख डॉलर पडत होते, तेथे सरकारी तिजोरीही बिचकते हे आम्ही समजू शकतो. पण राज्यानेच पंचा धरून उभे राहावे, हे पाहून आम्हाला चमत्कारिक वाटले.

सहकाऱ्याच्या आवाहनासाठी एक तरुण मदतीला आला. मुलगा भला होता. त्याने सांगितले, की फोटो खाटेवरचा हवा आणि धाकटी मुलगी शेजारी रडवेली बसलेली हवी. तशा फोटोला पैसे येतात. आमचा सहकारी फोरमनपुढे कधी वाकला नव्हता. तो म्हणाला, "मी वर्गणी भरली आहे. पोरीला भीक मागायला बसवणार नाही." शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो लावला. चौदा लाख हवे होते. जमले दोन लाख छत्तीस हजार. देणाऱ्यांची यादी आम्ही वाचली, तर निम्मी नावे त्याच्याच खात्यातल्या माणसांची. पन्नास, शंभर, दोनशे. पंचात हेच पैसे पडले असते. शहराने, जगाने पाहावे म्हणून उघडलेल्या त्या पानाला बहुतेक त्याच दरवाजावरच्या लोकांनी पाहिले.

फेब्रुवारी २०२० मध्ये तो गेला. पुढे कित्येक दिवस ते पान तसेच होते आणि किती रक्कम कमी आहे ते दाखवीत होते.

पुढचा करार २०२१ मध्ये आला. या खेपेस आम्ही वाढीच्या आकड्याआधी आजारपणाचे कलम मांडले. मर्यादेबाहेर गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाचा विमा मालकाने उतरवावा आणि वर संघटनेच्या निधीत प्रत्येकाने दरमहा शंभर रुपये घालावेत. सभेत तरुण पोरांनी विचारले, की मग हातात किती पडणार? रास्त प्रश्न होता. आम्ही आकडा सांगितला, तो त्यांच्या अपेक्षेहून कमी होता. बराच आरडाओरडा झाला. मतदान घेतले, आणि कलम एकवीस मतांनी संमत झाले.